जास्तीचे चार सेकंद

९ जानेवारी १९५६, सोमवार. मंगरूळपीर

तहसील कचेरीचं पत्र हेडमास्तरांनी वर्गाच्या दारातच हातात दिलं. दोन महिने शाळा नाही. मोजणीच्या तुकडीबरोबर फिरायचं आणि साहेब सांगतील ते आकडे लिहायचे. त्यांचा नेहमीचा लेखनिक हिवतापाने आजारी पडला आहे, आणि तालुक्यात आकड्यांचं अक्षर कुणाचं चांगलं, तर म्हणे हेमसिंग मास्तरचं. आमच्या तांड्यावरून मॅट्रिक झालेला मी एकटा. छाती थोडी फुगली, खोटं कशाला लिहू.

मोतीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे शाळेत तुमी सांगता अन् पोरं लिवतात. आता दुसरा सांगन अन् तुमी लिवसान. बरं हाय, समजन तुमाले कसं वाटते ते."

तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा लखमा, याच तुकडीत महिन्यापासून खलाशी आहे. यंत्राची पेटी पाठीवर घेऊन टेकडी चढणं-उतरणं हे त्याचं काम. साहेब त्याच्यावर खूश आहेत, कायम करतो म्हणाले आहेत. सासरे सेवादास हे तांड्यावर ज्याला त्याला सांगत फिरतात.

१२ जानेवारी

मंगरूळच्या टेकडीवर पहिला दिवस. साहेबांचं नाव धरमसिंग, पहाडी मुलखातले, पन्नाशीचे, उजव्या डोळ्याला सारखं पाणी. ते हिंदीत बोलतात, मी इथं माझ्या भाषेत लिहितो.

काम असं: तीन टेकड्या. एक ही मंगरूळची, दुसरी कामरगावच्या अंगाला, तिसरी दिग्रसकडे. एकमेकींपासून वीस-तीस मैल. प्रत्येकीवर चढायचं आणि तिथून बाकीच्या दोघींमधला कोन मोजायचा. तीन टेकड्यांचा एक त्रिकोण. दूरच्या टेकड्यांवर खलाशी आरसे घेऊन बसतात आणि ऊन आमच्याकडे परतवतात. मी यंत्राला डोळा लावला. माणूस दिसला नाही, टेकडीही धड दिसली नाही, पण पेटत्या काडीएवढं ऊन लखलखत होतं. कामरगावहून! अंगावर काटा आला.

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, मिनिटाचे साठ म्हणजे सेकंद. घड्याळाशी त्याचा संबंध नाही. मी विचारलं, "एक सेकंद चुकला तर काय होतं साहेब?" त्यांनी हाताची वीत पसरून दाखवली. पंचवीस मैलांवर एवढी चूक.

साहेब आकडा दोनदा म्हणतात, मी पेन्सिलीने कच्च्या कागदावर घेतो आणि संध्याकाळी शाईने पक्क्या वहीत उतरवतो. नवा माणूस शाईत खाडाखोड करील म्हणून ही सवलत.

उतरताना लखमाने पेटीभोवती स्वतःची गोधडी गुंडाळली आणि आडवी पावलं टाकत, जणू बाळंतिणीला धरून आणतो तसा खाली आला.

२१ जानेवारी. कामरगाव

इथली टेकडी चार दिवसांत झाली. हवा स्वच्छ होती. वरून पाहिलं तर वेचणीला आलेला कापूस, कापलेली ज्वारी, मधे बैलगाडीच्या वाटा. सगळं परातीसारखं. मी म्हणालो, "किती सपाट मुलूख आहे साहेब."

"सपाट दिसतो," ते म्हणाले आणि हसले. का हसले ते कळलं नाही.

४ फेब्रुवारी, शनिवार. मंगरूळपीर

दिग्रसकडची टेकडी संपवून आज परत आलो. तिथे सहा दिवस धुरकट हवेने आरसे दिसेनात. साहेबांना ताप भरला. शेवटचे दोन दिवस त्यांनी अंगावर घोंगडी घेऊन मोजलं, एकच कोन सोळा वेळा मोजून सरासरी घ्यायची असते, त्या सोळाच्या सोळा फेऱ्या पुऱ्या केल्या. आता डाकबंगल्यात झोपून आहेत. पक्की वही बुधवारी बघतो म्हणाले.

घरी आल्या आल्या मी सहज तिन्ही टेकड्यांच्या कोनांची बेरीज केली. यावी एकशेऐंशी अंश. आली एकशेऐंशी अंश, शून्य मिनिटं, चार पूर्णांक दोन दशांश सेकंद.

पुन्हा केली. तीच. उलट्या क्रमाने केली. तीच.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन. हे मी अकरा वर्षं फळ्यावर लिहितो आहे. सूर्य पश्चिमेला उगवला तर मी एकवेळ डोळे चोळून पाहीन, पण याला अपवाद? चार सेकंद म्हणजे पंचवीस मैलांवर चार विती. एवढे चुकले साहेब! तापात मोजलं, डोळ्याला पाणी, कुणाला सांगणार? वरच्या कचेरीत ही वही गेली तर म्हाताऱ्या माणसाची अब्रू जाईल.

५ फेब्रुवारी, रविवार

रात्रभर विचार करून सकाळी मन घट्ट केलं. साहेबांच्या तापाच्या धावपळीत दिग्रसच्या टेकडीच्या सोळा फेऱ्या पक्क्या वहीत उतरवायच्या राहिल्या होत्या. प्रत्येक फेरीतून चार सेकंद कमी केले. बेरीज आता एकशेऐंशी अंश आणि दोन दशांश सेकंद. ते दोन दशांश मुद्दाम ठेवले. अगदी बरोबर आली असती तर कुणाला संशय आला असता.

अक्षर फार सुरेख आलं आहे. कच्चे कागद मोतीबाईला दिले आणि चुलीत घाल म्हणालो.

"कामाचे नाई ना?" तिने विचारलं.

"नाही."

साहेबांना हे कधी कळणार नाही. उपकार असेच करावेत.

८ फेब्रुवारी, बुधवार

साहेब अंथरुणातून उठून टेबलाशी बसले होते. वही चाळली, बेरीज पाहिली आणि चेहरा असा उतरला की मला वाटलं ताप उलटला. "हे फार वाईट आहे," म्हणाले. "फार वाईट. असं कसं झालं?"

दोन दशांशांसाठी एवढं? मी धीर देत म्हणालो, "साहेब, जवळजवळ बरोबरच आहे की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीकडे तोंड केलं. मग त्यांनी विचारलं, "दिग्रसची टेकडी चढताना पेटी कुणाकडे होती?"

"लखमाकडे."

१० फेब्रुवारी

काय लिहू.

काल दिवसभर साहेबांनी यंत्र उघडून एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडला होता. काही मोडलेलं सापडलं नाही. आज सकाळी सगळ्या खलाशांना रांगेत उभं केलं. लखमाला पुढे बोलावलं.

"पेटी कुठे आपटली?"

"आपटली नाई साहेब."

"खरं सांग. शिक्षा कमी होईल."

"खरंच सांगून राह्यलो साहेब. म्या पडलो असतो, पेटी नसती पडू देली."

"मग आकडे सांगतात ते खोटं?"

आकडे काय सांगतात हे लखमाला काय माहीत? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला, त्याचा भाऊजी, मी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी वही छातीशी धरून उभा होतो.

साहेबांनी त्याला कामावरून काढलं. अहवालात लिहिलं की यंत्र निष्काळजीपणे हाताळलं गेलं. तो अहवाल मीच शाईने उतरवला. माझ्याच सुरेख अक्षरात.

मी एकसारखा विचार करतो आहे. मी आकडा बरोबर केला होता. बरोबर केलेल्या आकड्याने हे कसं झालं?

११ फेब्रुवारी. तांडा

लखमा झोपडीमागे भिंतीला टेकून बसला आहे. सासरे सेवादास त्याच्याशी बोलत नाहीत. जेवायला त्याचं ताट वेगळं मांडलं. तांड्यावर बातमी आमच्या आधी पोहोचली होती, आणि वाटेत तिला दारूचा वासही लागला होता: लखमानं पिऊन पेटी पाडली.

"भाऊजी," त्याने मला विचारलं, "तुमी त रोज वही लिवता. त्या आकड्यायमंदी माहं काय चुकलं ते मले दाखवता का?"

मी म्हणालो, "बघतो."

मोतीबाई मागे उभी होती. तिने ऐकलं.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आज धीर करून साहेबांनाच विचारलं. बेरीज एकशेऐंशीच आली ना, मग वाईट काय झालं?

त्यांनी खानसाम्याला हाक मारून भाजीतला लाल भोपळा मागवला. त्यावर शाईने तीन ठिपके काढले, ठिपक्यांतून भोपळ्याच्या पाठीवरून सरळ रेघा ओढल्या. "मास्तर, कोन बघ. फुगलेत की नाहीत?"

फुगले होते. डोळ्यांनी दिसत होतं.

"पृथ्वी हाच भोपळा. आपला त्रिकोण एवढा मोठा की बेरीज एकशेऐंशीवर चार सेकंद आणि थोडं जास्त यायलाच हवी. मी आधीच हिशेब करून ठेवला होता, चार पूर्णांक चार दशांश. तेवढं जास्त आलं तर मोजणी खरी. आपली बेरीज आली सपाट. पृथ्वी सपाट असती तर येईल तशी. म्हणून म्हणतो, यंत्र बिघडलं."

पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात. माझ्या पायाखाली जमीन होती आणि ती वाकडी होती, आणि तिचा वाक मी रविवारी सकाळी शाईने पुसून टाकला होता.

मी भोपळ्यावरच्या रेघांकडे बघत राहिलो. साहेबांना वाटलं, मास्तर ज्ञानाने थक्क झाला. त्यांना जोर चढला. आजारपणानंतर प्रथमच ते मोकळं बोलले. म्हणाले, यात सगळ्यात मोठी गोष्ट कळते का? पृथ्वी गोल आहे हे कळायला तिच्याबाहेर जावं लागत नाही. इथेच, जमिनीवर उभं राहून, तीन कोन मोजून कळतं. आता हाच त्रिकोण वर ने. एक टोक इथे, दुसरी दोन दूरच्या तारकापुंजांत. प्रकाश त्याच्या सरळ वाटेने जातो. त्या तीन कोनांची बेरीज किती?

"एकशेऐंशी," मी सवयीने म्हणालो.

"कुणी मोजली?"

ते म्हणाले, तीनच गोष्टी होऊ शकतात. बेरीज जास्त भरली तर सगळं विश्वच आपल्याकडे वळलेलं, सरळ चालत गेलेला शेवटी पाठीमागून परत येणारा. कमी भरली तर ते पसरत, उधळत जाणारं. बरोबर भरली तर सपाट. यातलं कोणतं, ते आज जगात कुणालाही माहीत नाही. मोठमोठ्या दुर्बिणी लावून लोक तारकापुंज मोजत बसले आहेत, पण उत्तर नाही.

"पण आतापर्यंत जेवढं पाहिलं ते सपाटच दिसलं ना?"

"कामरगावचं एक शेत मोजलं तर पृथ्वीही सपाटच भरते. आपण पाहिलेलं विश्व म्हणजे एक शेत आहे की सगळा भोपळा, तेच तर कळत नाही." मग ओला डोळा पुसत म्हणाले, "तरुणपणी वाटायचं, असले चार सेकंद आकाशात सापडावेत. मग जन्म गेला तरी चालेल."

मी उठून बाहेर आलो. डाकबंगल्याच्या आवारात भर दुपारी उभा राहिलो. वर पाहवेना. जे छत आहे असं वाटत होतं ते कसं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि खालचं ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या वहीत मी हात घातला.

१४ फेब्रुवारी

मोतीबाई अंगणात फेटिया शिवत होती, आमच्या बायकांचा मोठ्या घेराचा घागरा. मी तिच्यासमोर बसलो. जे सांगायचं होतं ते टाळून दुसरंच बोललो. विचारलं, "समज, एक मुंगी कापडावर चालते आहे. तिला वर उडता येत नाही. कापड सपाट आहे की फुगलेलं, हे तिला कसं कळेल?"

तिने सुईवरून नजर काढली नाही. "त्यात काय हाय? वीतभर दोरा घ्या. एक टोक मधात ठेवा अन् दुसरं गोल फिरवा. त्या गोलाले गोधडीत जेवढं कापड लागते, तेवढंच लागलं त सपाट. कमी लागलं त टोपी. जास्त लागलं त हा घेर." तिने फेटियाची झालर उचलून दाखवली. "मुंगीले उडाचं काय काम? चालता चालता कापड कमी पडलं का जास्त झालं, तिले समजतेच."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. टोपी, गोधडी, घागरा. साहेबांच्या तिन्ही गोष्टी. हिला अक्षर येत नाही.

"पण," ती दोरा तोडत म्हणाली, "मधात कोनी कापड कापून लपवलं त मुंगी फसन. तिले घेर बी गोधडीच वाटन."

माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. चार सेकंद, सोळा फेऱ्या, पक्की वही.

सुई थांबली. "ते कागद?" तिने विचारलं. "म्या चुलीत घातले ते?"

"हो."

"त्यायच्यात लखमाचं खरं होतं?"

"हो."

"अन् तुमी माह्याच हातानं जायले?"

ती आपल्या तळहातांकडे बघत बसली. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं ओरडेल. मग म्हणाली, "काहून केलं?"

मी म्हणालो, साहेबांची अब्रू वाचवायला. हे बोलताना माझं मलाच खोटं वाटू लागलं. साहेबांची अब्रू होतीच, पण त्याहून मोठं होतं ते हे की मी अकरा वर्षं शिकवलेलं खोटं ठरू नये.

"तुमी सांगता का म्या जाऊ सांगाले?" मोतीबाईने विचारलं.

१५ फेब्रुवारी

गेलो नाही. डाकबंगल्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परतलो. मोतीबाईने रात्री भाकर वाढली आणि स्वतः न जेवता झोपली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

उभ्यानेच सांगितलं. साहेब पत्र लिहीत होते, लेखणी हातात तशीच राहिली. शाईचा थेंब कागदावर पडून पसरला, तो त्यांनी टिपला नाही. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती काढले?"

"चार. प्रत्येक फेरीतून."

"सगळ्या सोळांतून?"

"हो साहेब."

"का?"

"बेरीज जमत नव्हती."

त्यांनी डोळे मिटले. मी घाईघाईने म्हणालो, "साहेब, काही बिघडलेलं नाही. चार सेकंद परत मिळवून टाका. सगळं जसंच्या तसं होईल."

"कुणाच्या शब्दावर?" ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. कच्चे कागद नाहीत. माझ्याखेरीज साक्षीदार नाही. आणि माझी साक्ष काय किमतीची आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या सोळाही फेऱ्यांची पानं त्यांनी काट मारून रद्द केली. तापात घोंगडी पांघरून केलेलं काम.

मग म्हणाले, "यंत्र उघडून पाहिलं, त्यात काही सापडलं नाही. तरी मी त्या पोराला काढलं." उठले, कोट घातला. "तांडा कुठे आहे तुमचा?"

मोटार तांड्यापर्यंत जात नाही. शेवटचा दीड मैल साहेब काठी टेकत पायी चालले. मी मागे. तांड्यातली बायका-माणसं बाहेर येऊन उभी राहिली. सेवादासांनी बाज टाकली पण साहेब बसले नाहीत. सगळ्यांदेखत लखमाला म्हणाले, चूक तुझी नव्हती. माझी झाली. कामावर ये.

लखमाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"भाऊजी? तुमी?"

मी मान हलवली.

"पेटी पडली नाई, हे तुमाले ठाऊक होतं? मले रांगेत उभं केलं तवाच?"

तेव्हा मला पुरतं ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायचं टाळलं होतं. मी हो म्हणालो. त्याला तेच उत्तर द्यायला हवं होतं.

तो साहेबांकडे वळला. "येतो साहेब. पन पेटी पडली नाई, असं कागदावर लिवून द्या. अन् इथंच वाचून दाखवा. माह्या बापाले ऐकू द्या."

साहेबांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि हिंदीत मोठ्याने वाचलं. सेवादास खाली बघत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी लखमाच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवताना ते रडले.

२५ फेब्रुवारी, शनिवार. दिग्रसकडची टेकडी

साहेबांनी मला येऊ दिलं, पण लिहायला नाही. लिहायला आता दुसरा माणूस आला आहे, फुलचंद नावाचा, कारंज्याचा. मी पाणी वाहतो, तंबूच्या खुंट्या ठोकतो. लखमा पेटी वाहतो. मी हात पुढे केला तर म्हणाला, "नको." एवढाच शब्द.

पळसाला कळ्या धरल्या आहेत. हवा अजून धुरकट. दुपारी आरसे दिसत नाहीत, उन्हं कलली की तासभर दिसतात.

२८ फेब्रुवारी

सोळा फेऱ्या पूर्ण. फुलचंदने साहेबांसमोर बेरीज केली. मी दगडावर बसून ऐकत होतो.

एकशेऐंशी अंश, शून्य मिनिटं, चार पूर्णांक सहा दशांश सेकंद.

पहिल्या वेळी चार पूर्णांक दोन होतं. साहेबांच्या हिशेबात चार पूर्णांक चार. तिन्ही वेगळे. एक काळ असा होता की मला यातही दोष दिसला असता. साहेब म्हणाले, एवढा फरक राहणारच, माणसाने मोजलं आहे. त्यांनी तो तसाच ठेवला आणि सही केली.

मी टेकडीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तेच शिवार, त्याच बैलगाडीच्या वाटा. सपाटच दिसत होतं. पण आता ते माझ्या पायांपासून खाली खाली जात असल्यासारखं वाटायला लागलं, आणि मी खरोखर पळसाचं खोड धरलं. साहेब मागून आले. त्यांना विचारलं, "वरच्या त्या मोठ्या त्रिकोणात कुणी माझ्यासारखं करत असेल का?"

"मुद्दाम नाही," ते म्हणाले. "पण मनात आधी उत्तर असलं की डोळा तेच बघतो. कुणाला विश्व सपाट हवं असतं, कुणाला गोल. माझा एक मित्र गोल असावं म्हणून भांडतो. त्याला अनंत पसरत गेलेलं जग सहन होत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला कळलेलं हवं होतं," ते म्हणाले. "माझ्या हयातीत कळेल असं दिसत नाही."

५ मार्च, सोमवार. मंगरूळपीर

शाळेत रुजू झालो. साहेबांनी झाल्या प्रकाराचा खरा अहवाल पाठवला आहे. पाठवणार हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. हेडमास्तरांनी तो माझ्यासमोर वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "हेमसिंग, तू?" एवढंच म्हणाले. माझ्या नोकरीच्या पुस्तकात सरकारी नोंदीत फेरफार केल्याचा शेरा पडला. भूमितीचे तास काढून घेतले. आता मला पहिलीचा वर्ग आहे. मुळाक्षरं आणि एक ते शंभर.

मोतीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "शंभरपर्यंतच हाय, तिथं तरी काही कमी-जास्त होनार नाई." हसली नाही, पण बोलली. तीन आठवड्यांनी.

९ मार्च

साहेबांची तुकडी आज बुलढाण्याच्या बाजूला गेली. लखमा कायम झाला. त्याला निरोप द्यायला मोतीबाई आणि सासरे मोटार स्टँडवर आले होते. मी थोडा लांब, रसाच्या दुकानाजवळ उभा होतो. जवळ जावं की नाही ते ठरेना. तीन आठवड्यांत तो माझ्याशी कामाखेरीज बोललेला नव्हता.

गाडी सुरू झाल्यावर तो खाली उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. मला वाटलं, आता चारचौघांत काय ते ऐकावं लागणार.

"भाऊजी, साहेब रोज तेच बोलून राह्यले. ते आभायाचं. सपाट हाय का वाकडं हाय?"

"कुणालाच माहीत नाही लखमा."

"कोनालेच?"

"कुणालाच."

तो आश्चर्याने वर बघत राहिला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मोतीबाईने हाक मारली. लखमाने एक पाऊल मागे घेतलं, मग थांबून माझ्याकडे पाहिलं.

"मंग कोनी इचारलं त तसंच सांगजा," तो म्हणाला. "आपल्या मनचं टाकू नका."

तो धावत जाऊन गाडीत चढला. गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली आणि फुफाट्यात दिसेनाशी झाली.